गुडघ्याखालची वीत

उत्तनच्या कोळीवाड्यात आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो, त्या मावशींना डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. नवीन माणूस दारात आला की त्याला पाणी विचारण्याआधी त्या ही गोष्ट सांगून टाकत. "पाय न्हाय. आताच बघून घे, म्हंजे परत परत बघायला नको." माणूस ओशाळून दुसरीकडे बघायला लागायचा. मग मावशी पाणी द्यायच्या.

तुमच्या आईने सांगितलं की तुम्हाला ती लहान असतानाची घरं ऐकायची आहेत. मीरा रोडच्या घराचे फोटो तुमच्याकडे आहेत. त्याआधीच्या उत्तनच्या दोन खोल्यांचा एकही फोटो नाही, म्हणून त्या घराच्या मालकिणीबद्दल लिहिते. त्या जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्यांची बोली मला जशी आठवते तशी लिहिली आहे. कोणी कोळी माणसाने वाचलं तर तो चुका काढेल, आणि त्या माझ्या असतील.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मीरा रोडला आम्ही घर घेतलं होतं, पण इमारत पहिल्या मजल्यावरच अडकून पडली होती. मला भाईंदरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आणि कोणीतरी उत्तनच्या या खोल्या सुचवल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि चार वर्षं राहिलो. मावशी मला 'मास्तरीन' म्हणायच्या आणि पहिल्या दिवसापासून अरेतुरे करायच्या. तिथे सगळेच सगळ्यांना करत. तुमच्या आजोबांना मात्र त्या 'सायेब' म्हणत, कारण ते चष्मा लावून पेपर वाचायचे.

पाय गेला तो पाकटाच्या काट्याने. पाकट हा पतंगासारखा चपटा मासा असतो आणि त्याच्या शेपटीत करवतीसारखा काटा असतो. बंदरावर मासळी निवडताना तो मावशींच्या पायात गेला. त्यांनी हळद दाबली आणि काम चालू ठेवलं. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. तीन आठवड्यांनी मुलाने त्यांना टेम्पोत घालून मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं, तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा झाला होता. तिथल्या सर्जनने गुडघा वाचवला. गुडघ्याखाली वीतभराहून जरा कमी एवढा पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर मावशींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पट्टीवरूनच तो वितीने मोजला. घरी आल्यावरही त्या तो मोजत, एखादी सोन्याची वस्तू जागेवर आहे ना ते पाहावं तसा.

सर्जनने त्यांना निघताना सांगितलं होतं की मावशी, गुडघा आहे तोवर तुम्ही जिना चढाल, जमिनीवर बसाल, वाळूत चालाल. पुन्हा जखम चिघळली तर मात्र वरून कापावं लागेल, आणि मग या सगळ्याचं मला सांगता येणार नाही. मावशींनी हे वाक्य पाठ केलं होतं. इतरांनी सांगितलेलं बहुतेक त्या सोडून देत.

त्यांची दिनचर्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा काटेकोर होती, आणि मी वेळापत्रकं करणारी बाई असल्यामुळे मला ती फार आवडायची. सकाळी उठल्यावर ओटीवर स्पिरिटचा दिवा पेटवून त्या लघवीतली साखर तपासायच्या. परीक्षानळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, आणि उकळायचं. रंग निळा राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत गेला तर साखर वाढलेली, आणि विटकरी झाला तर फारच. घरात बसून गुपचूप करण्यासारखं काम, पण मावशी नळी उजेडात धरून निकाल अख्ख्या गल्लीला ऐकवायच्या. "आज हिरवा." समोरची बाई आतूनच "बरा हाय" म्हणायची. विटकरी निघाला तर कालच्या साखरपुड्यात कोणी आग्रह केला त्याचा उद्धार व्हायचा.

लावायचा पाय जयपूरचा होता. एका शिबिरात मिळालेला, रबराच्या पावलाचा. त्यावर चप्पल घालता यायची, मांडी घालता यायची आणि वाळूतही चालता यायचं. संध्याकाळी तो उतरवला की कोमट पाणी आणि साधा साबण घेऊन त्या खुंट, म्हणजे उरलेला पाय, धुवायच्या. टिपून कोरडा करायचा, मग हातआरशात खालून, मागून, कडेने बघायचा. आपल्याला आपल्या खुंटाची मागची बाजू दिसत नाही, आणि लाल डाग नेमका तिथेच येतो. मग इलॅस्टिकची पट्टी. ती गोल गोल गुंडाळायची नाही, आठच्या आकड्यासारखी तिरकी न्यायची, टोकाला घट्ट आणि वर सैल, म्हणजे खुंट निमुळता राहतो आणि सूज वर सरकते. ही पट्टी बांधायला मी त्यांच्याकडून शिकले. शाळेत कोणाचा घोटा मुरगळला की मला बोलावणं यायचं ते त्यामुळे.

इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं की दिवसातून दोनदा वीस वीस मिनिटं पालथं झोपायचं, नाहीतर सांधे वाकलेलेच आखडतात, आणि मग पाय बसत नाही. दुपारची पाळी मावशींनी चारची ठरवली होती. मावशींचे सुके बोंबील घ्यायला व्यापारीही चारलाच येत, पण त्यासाठी पाळी बदलणं त्यांना मंजूर नव्हतं. ओटीवर चटई टाकून त्या पालथ्या पडायच्या, हनुवटी दोन्ही मुठींवर टेकवायच्या आणि तशाच भाव करायच्या. व्यापाऱ्याला खुर्चीवर बसून त्यांच्या पाठीशी बोलता येईना, म्हणून तो खाली बसायचा. तरी नजर जुळेना, म्हणून हळूहळू वाकायचा. एकदा मी शाळेतून आले तेव्हा मालाडचा एक जाडा व्यापारी जवळजवळ आडवा झालेला होता आणि मावशी त्याला सांगत होत्या की माल बघायचा तर वलांडीवर जाऊन बघ, माझं तोंड काय बघतोस. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या परांच्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात, आणि लांबून पाहिलं तर पांढऱ्या झालरींसारखे दिसतात.

गेलेला पाय मात्र पूर्ण गेलेला नव्हता. त्याचा अंगठा आखडायचा, तळव्याला खाज सुटायची. असं होतं, डॉक्टरही सांगतात. मेंदूला पाय गेल्याची बातमी उशिरा पोचते. मावशी अशा वेळी पाय जिथे असता तिथल्या जमिनीवर चापट्या मारायच्या आणि त्याला शिव्या घालायच्या. तुमची आई तेव्हा सात वर्षांची होती. एकदा ती मावशींजवळ जमिनीवर चित्र काढत बसली होती, तर मावशी शांतपणे म्हणाल्या, "जरा सरक गो, माजा पाय हाय तिथं." तुमची आई सरकली. त्यानंतर ती त्या जागेवर कधीच बसली नाही.

बसमध्ये कंडक्टरने उठून त्यांना जागा दिली तर म्हणायच्या, मी उभी राहते, तू माझ्या टोपलीला जागा दे. कीव केलेली त्यांना खपत नसे. मदत मात्र त्या हक्काने मागत. हा फरक मला त्यांच्याकडे पाहून कळला.

मी वही सुरू केली ती त्यांच्याच सांगण्यावरून. खुंट दिवसभरात बारीक होत जातो आणि पाय सैल पडतो. मग आत खुंटावर एक मोजा जास्त चढवायचा. पाय दुरुस्त करणाऱ्या कारागिराने विचारलं की किती वाजता किती मोजे लागतात, आणि मावशींना सांगता आलं नाही. घरी येऊन त्या मला म्हणाल्या की तू पोरांच्या हजेऱ्या लिहितेस, माझ्या पायाची लिही. मी लाल कडेची वही आणली आणि रकाने पाडले: साखरेचा रंग, सकाळचे मोजे, संध्याकाळचे मोजे, कातडीवर काय दिसलं. रोज संध्याकाळी त्या आरशात बघून सांगायच्या आणि मी लिहायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर खुंटाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाची गोळी लागते तिथे, कातडी सोलवटली. पाय पंधरा दिवस काढून ठेवला, बरं झालं. पुन्हा घातला, आठवड्यात पुन्हा सोलवटली. कारागिराने पायाचा साचा आतून घासून दिला. पुन्हा तेच, आणि तिसऱ्या वेळी त्यातून पू आला.

भाईंदरचे डॉक्टर गुजराती होते, वयस्कर, अतिशय सज्जन. मी मावशींबरोबर गेले होते. त्यांनी जखम पाहिली आणि इंजेक्शन दिलं. मग त्यांनी सांगितलं की पंधरा दिवस पाय घालायचा नाही, आणि त्यानंतरही बंदरावर जाणं कायमचं बंद. वाळू, ऊन, घाम, हे या पायाला चालणार नाही.

"डाक्टर, तुम दवा देव," मावशी म्हणाल्या. "बंदर का हम देखेगा."

"मासी, जिद मत करो. ये जखम फिर हुआ तो मेरे हाथ में नहीं रहेगा."

त्यांनी मुंबईच्या त्या इस्पितळाच्या नावाने इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली आणि लागली तरच वापरा म्हणाले. बाहेर फुटपाथवर आल्यावर मावशींनी ती मला वाचायला लावली. मी म्हटलं, लिहिलंय की जखम आहे, तिथल्या डॉक्टरांनी बघावी. मावशींनी बोटाने चिठ्ठीच्या ओळी मोजल्या. मग म्हणाल्या, इतकं इंग्रजी शिकून एवढ्या लांब कागदाचं एवढंच होतं का. पुरा वाच. मग मी वाचलं. जखम पुन्हा चिघळल्यास गुडघ्याच्या वरून पाय काढण्याचा विचार करावा, असं त्यात होतं.

घरी मुलाने आणि सुनेने ऐकलं. दोघंही वाईट नव्हते. मुलगा म्हणाला, आई, आता बस घरी, वलांड्या आम्ही बघतो. मावशींनी त्याला विचारलं की गुडघा वाचवायचा तो कशासाठी, ओटीवर ठेवून बघायला का? तो उठून गेला.

ते पंधरा दिवस मावशी कुबड्यांवर होत्या. सुनेला बंदरावरून सवड मिळेना, म्हणून त्यांचे पट्ट्या-मोजे धुवायचं काम मी घेतलं. आधीचे धुतलेले मोजे पेटीत ठेवावेत म्हणून घडी घालायला घेतले, तर घडी बसेना. पापडासारखे कडक. मला वाटलं साबण राहिला असेल. उजेडात धरले तर शिवणीच्या कडेने बारीक पांढरी रेघ दिसली. मी जिभेला लावून पाहिलं. खारट लागलं.

मावशींना विचारलं तर त्यांनी काहीच लपवलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने लपवण्यासारखं काही नव्हतं. रोज धुवा असं कारागिराने सांगितलं होतं, त्या रोज धूत होत्या. घरी साबणाने, मग बंदरावर नेऊन समुद्राच्या पाण्यात खळबळून, आणि वलांडीच्या टोकाला वाळत घालून. शेवटचं पाणी खारंच पाहिजे, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. ऑपरेशन झाल्यापासून त्या असंच करत आल्या होत्या. कोणी विचारलं नाही, म्हणून कोणाला ठाऊक नव्हतं.

मी आत जाऊन वही आणली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जेव्हा बोंबील वाळत नसत आणि मावशी बंदरावर जात नसत, तेव्हा मोजे घरच्या पाण्यात धुऊन चुलीवर वाळायचे. त्या चार महिन्यांत कातडीच्या रकान्यात एकही नोंद नव्हती; बाकीच्या महिन्यांत मात्र लालीच्या नोंदी अधूनमधून होत्या. मला स्वतःला आधी वाटलं होतं की पावसात चालणं कमी म्हणून. पण श्रावणात त्या रोज देवळापर्यंत जाऊन यायच्या, आणि ते अंतर बंदराहून जास्त होतं.

मावशींना हे पटेना. वहीवर त्यांचा विश्वास होता, पण मिठावर जास्त होता. "मास्तरीन, तुना काय ठावं. खारवलेला मासा वरीसभर कुजत न्हाय. माजा पाय कुजून गेला, मी बगितलाय तो. आता ह्यो कुजू नये म्हनून मी काय करू, सांग."

त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. दोन वर्षं गल्लीला रंग ओरडून सांगणारी ही बाई रोज भीतीने मोजे खारवत होती.

मी म्हटलं, "मावशी, मासा मेलेला असतो. मीठ मेलेल्याला. तुमचा पाय जिवंत आहे."

त्यांनी पट्टी सोडली. मग हाताने खुंट चाचपला, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाल्या, "गरम हाय खरा."

एवढ्यावर त्यांनी मान्य केलं असं समजू नका. त्यांनी माझ्याशी करार केला, आणि तो मुलाला समोर बसवून केला. जखम भरली की त्या पाय घालून बंदरावर जाणार, पूर्वीसारख्या. मोजे मी गोड्या पाण्यात धुणार आणि आमच्या खोलीत दोरीवर वाळवणार. पुन्हा सोलवटलं, तर त्या स्वतः चिठ्ठी घेऊन मुंबईला जातील, कोणी ओढून न्यायला नको. मुलगा माझ्यावर चिडला. म्हणाला, ताई, तू शिकलेली, तू तिला बंदरावर पाठवतेस? तुमच्या आजोबांनीही रात्री विचारलं की मीठ जिभेवर लागलं म्हणून तू एका बाईचा गुडघा पणाला लावतेस का. मी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, मीठ कातडीला घासणार हे खरं, पण बंदराला माझी परवानगी नाही. मी तसंच मावशींना सांगितलं, या वेळी पूर्ण.

तेव्हा उत्तनला नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. मोज्यांसाठी मी एक कळशी बाजूला ठेवायची आणि तिला घरात कोणीही हात लावायचा नाही. तीन पाण्यांतून मोजे काढायची. मावशी दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या की हे असं बुळबुळीत धुणं त्यांनी जन्मात पाहिलं नाही.

पहिला आठवडा गेला. संध्याकाळी आरसा घेऊन बसलं की मावशी आधीसारखं लगेच सांगत नसत. आरसा माझ्या हातात द्यायच्या आणि स्वतः समुद्राकडे तोंड करायच्या. मी बघायची, म्हणायची, काही नाही. त्या म्हणायच्या, नीट बघ. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी गोळीवर लाली दिसली. मी लिहिलं: लाली, दहा मिनिटांत गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी एक मोजा जास्त चढवला आणि लाली आली नाही. तिसरा आठवडा, चौथा. होळी हा कोळी लोकांचा मोठा सण. त्या रात्री त्या नाचल्या, फार नाही, पण मुलासमोर मुद्दाम नाचल्या. दुसऱ्या दिवशी मी घाबरत आरसा धरला. कातडी कोरडी आणि गुळगुळीत होती.

डॉक्टरांकडे आम्ही मे महिन्यात गेलो. त्यांनी खुंट सगळ्या बाजूंनी पाहिला आणि ते हसले. मग विचारलं, "मासी, बंदर?"

"रोज," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी आमची इमारत पुरी झाली आणि आम्ही मीरा रोडला गेलो. चौथा मजला. लिफ्टसाठी बिल्डरने खड्डा ठेवला होता, लिफ्ट तीन वर्षांनी आली. मावशींना मी घर बघायला या म्हणून कधी बोलावलं नाही. एवढे जिने त्यांना कसे सांगायचे, असं वाटे. सणाला मीच उत्तनला जाऊन यायची. त्यांनी दोनदा विचारलं, घर झालं का ग, आणि मी दोनदा विषय बदलला.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात मावशी. नवी हिरवी साडी, डोक्यात अबोली, काखेत कागदात गुंडाळलेले बोंबील. मागे मुलगा, धापा टाकत. मावशींच्या कपाळावर घाम होता, पण श्वास त्यांनी बहुतेक शेवटच्या वळणावर थांबून सारखा करून घेतला असावा, कारण आवाज अगदी नेहमीचा होता. त्या मला बाजूला करून आत आल्या. तुमच्या आजोबांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. मावशींनी खुर्चीकडे पाहिलंही नाही. भिंतीला हात लावून डावा गुडघा वाकवला, खाली टेकवला आणि सावकाश मांडी घालून जमिनीवर बसल्या. मग सगळीकडे नजर फिरवली, छत, खिडकी, गॅलरी.

"बोलवलंस न्हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, जिने फार आहेत म्हणून.

"मोजले मी. सत्तर हायत." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "वरून कापला असता, तर तुजा घर मना रस्त्यावरून बगायला लागला असता. आता बगते हाय ना आत बसून. च्या टाक."